स्वीडनच्या भुशाचा इतिहास

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यावर, बॉथनियाच्या आखाताला लागून, सुंड्सवाल नांवाचें शहर आहे. त्याच्या शेजारीं टूनादाल येथें १८४९ सालीं वाफेच्या यंत्रावर चालणारी लांकूड कापण्याची गिरणी सुरू झाली. त्या देशांतील अशा प्रकारची ती पहिली गिरणी होय. तोंपर्यंत करवती फिरत त्या पाण्याच्या जोरावर, आणि म्हणून जेथें पाणी उंचावरून पडे तेथें गिरणी नेऊन बसवावी लागे. वाफेनें ही अट काढून टाकली. आतां गिरणी थेट समुद्रकाठीं, परदेशीं जाणाऱ्या गलबताच्या बाजूला उभी राहूं शकली. अंतर्भागांतील अरण्यांत हिवाळ्यांत तोडलेले ओंडके वसंतांत बर्फ वितळून फुगलेल्या नद्यांत सोडून दिले, कीं ते वाहत वाहत तिच्या दाराशीं येत.

परंतु वाफेला इंधन पाहिजे, आणि स्वीडनच्या भूमींत दगडी कोळसा नांव घेण्याजोगा नाहीं. दक्षिण टोकाला थोडासा आहे, तोहि हलक्या प्रतीचा. मग बॉयलरच्या तोंडीं काय द्यावयाचें? या प्रश्नाचें उत्तर गिरणीच्या जमिनीवरच पडलेलें होतें. गोल ओंडक्यांतून चौकोनी फळी काढावयाची म्हणजे कडेचे सालीसकट तुकडे, साल आणि भुसा हीं उरावयाचींच; ओंडक्याचा निम्म्याच्या आसपास भाग फळीच्या रूपानें बाहेर पडतो व बाकीचा गिरणींतच राहतो. गुऱ्हाळांत रस काढून उरलेलें चिपाड चुलवणांत जातें आणि त्याच उसाच्या रसाची काहील तापवितें. तोच हा प्रकार. झाडाचा टाकलेला भाग झाडाच्या कामाच्या भागाला कापूं लागला.

टाकाऊ लांकडापासून शक्ति निर्माण करण्याची कल्पना अगदीं नवी आहे, असें आज कोणी म्हटल्यास त्याला टूनादालची आठवण द्यावी. नवीन आहे ती निराळीच गोष्ट. ज्याला टाकाऊ म्हणतात तें लांकूड स्वीडननें गेल्या पावणेदोनशे वर्षांत तीनदां हातीं धरलें. पहिल्या वेळीं त्याचा उपयोग गिरणीच्या भिंतींच्या आंतच राहिला. दुसऱ्या वेळीं सारा देश त्यावर चालला, परंतु गरज सरतांच त्याला विसरला. तिसऱ्या वेळीं मात्र तें टिकलें. तीं पहिलीं दोन वळणें कां थांबलीं आणि तिसरें कां थांबलें नाहीं, हें पाहण्यासारखें आहे.

पहिलें वळण थांबलें तें विपुलतेमुळें. गिरण्या वाढल्या, सुंड्सवालच्या भोंवतीं त्यांची रांगच लागली, आणि बॉयलरला लागे त्याच्या कितीतरी पट भुसा पडूं लागला. तो विकत घेणारें कोणी नव्हतें, कारण भोंवतालीं प्रत्येकाच्या दारांत सरपण होतें. तेव्हां तो किनाऱ्यावर ढिगानें टाकण्यांत आला, त्यानें खाड्या बुजविण्यांत आल्या आणि त्या भरावावर नवीं लांकूडकोठारें उभीं राहिलीं. २५ जून १८८८ रोजीं सोसाट्याच्या वाऱ्यांत सुंड्सवाल जळून खाक झालें. आगबोटीच्या धुराड्यांतून उडालेल्या ठिणगीनें ती आग लागली असें मानतात. त्याच दिवशीं उत्तरेकडील ऊमेओ हें शहरहि निराळ्या आगींत भस्मसात् झालें. सुंड्सवाल पुन्हां बांधलें तें दगडविटांचें. लांकडावर श्रीमंत झालेल्या शहरानें स्वतःच्या घरांसाठीं लांकूड नको म्हटलें!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांच्या जोडीला कागदाच्या लगद्याचे कारखाने आले आणि टाकाऊ लांकडाचें रूप पालटलें. लांकडाचे धागे ज्या द्रव्यानें एकमेकांस चिकटलेले असतात त्याला लिग्निन म्हणतात. रसायनांत शिजवून तें विरघळविलें म्हणजे धागे सुटे होतात. पण त्याबरोबर लांकडाचा जवळजवळ अर्धा भाग काळपट पाण्यांत जातो. हें पाणी प्रथम सरळ नदींत सोडीत. त्यांत शिल्लक राहिलेली साखर आंबवून मद्यार्क काढण्याचा पहिला कारखाना १९०९ सालीं स्कुटशेर येथें निघाला, आणि पुढें दोन्ही महायुद्धांच्या काळांत या मद्यार्कानें मोटारी चालविण्यास हातभार लावला. परंतु याहून मोठा पालट १९३० नंतरच्या दशकांत कॅनडांतील टॉमलिन्सन या अभियंत्याच्या बॉयलरनें घडविला. सल्फेट पद्धतीच्या कारखान्यांतील काळें पाणी आटवून घट्ट करावयाचें, तें भट्टींत फवारावयाचें, म्हणजे त्यांतील लिग्निन जळून वाफ होते आणि शिजविण्याचीं महाग रसायनें तळाशीं रसरूपानें परत मिळतात. लगद्याचा कारखाना स्वतःच्या सांडपाण्यावर चालूं लागला. टाकाऊ लांकडापासून मिळणाऱ्या शक्तीचा विचार करतांना लोकांच्या डोळ्यांसमोर भुसा आणि ढलप्या येतात. परंतु स्वीडनमध्यें लांकडापासून जी शक्ति मिळते तिचा फार मोठा वाटा अजूनहि या काळ्या रसाचाच आहे. तो कारखान्याच्या आंतच जन्मतो व आंतच जळतो, यामुळें बाहेरच्या कोणाला तो दिसत नाहीं एवढेंच.

जें जाळलें गेलें नाहीं त्याचें काय झालें, हेंहि येथेंच सांगितलेलें बरें. त्या किनाऱ्याच्या समुद्रतळाची अलीकडे जी भूगर्भशास्त्रीय पाहणी झाली, तींत जुन्या कारखान्यांच्या समोर लांकडी तंतूंचे जाड थर आढळले. ते कुजत आहेत, त्यांतून वायूचे बुडबुडे निघतात, आणि कारखान्यांत वापरलेला पारा व इतर विषारी द्रव्यें त्यांत अडकून राहिलीं आहेत. आजोबांनीं फेंकलेलें नातवांच्या पुढें येऊन ठेपलें आहे.

दुसरें वळण युद्धानें आणलें. ९ एप्रिल १९४० रोजीं जर्मनीनें डेन्मार्क व नॉर्वे यांवर स्वारी केली. स्वीडन तटस्थ होता. परंतु त्याच्या पश्चिमेची स्कागेराक सामुद्रधुनी बंद झाली आणि महासागरापलीकडून येणारें तेल एकाएकीं थांबलें. १९३९ सालीं त्या देशांत सुमारें अडीच लाख मोटारी नोंदलेल्या होत्या. १९४२ च्या आरंभीं रस्त्यावर उरल्या अवघ्या ८०,०००. आणि या ८०,००० पैकीं शेंकडा ९० मोटारी दीड वर्षाच्या आंत लांकडाच्या किंवा कोळशाच्या वायूवर चालण्याजोग्या करण्यांत आल्या. शिवाय सुमारें २०,००० ट्रॅक्टर होते; तेहि जवळजवळ सारे याच मार्गानें गेले.

या वायूची भट्टी मूळची स्वीडनची नव्हे. अल्सास प्रांतांतील जॉर्ज इंबेर या शोधकानें १९२० नंतरच्या दशकांत तिला कामचलाऊ रूप दिलें. उंच लोखंडी पिंपांत मुठीएवढे लांकडाचे तुकडे भरावयाचे, खालच्या अंगाला निखारा धरावयाचा आणि हवा मोजकीच आंत सोडावयाची. हवा पुरेशी नसल्यामुळें लांकूड धड जळत नाहीं. त्याची वाफ, धूर व डांबर हीं त्या धगधगत्या निखाऱ्याच्या थरांतून खालीं ओढलीं जातात, आणि तेथें त्यांचें विघटन होऊन कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे ज्वलनशील वायु तयार होतात. बाकी अर्धा भाग हवेंतला निरुपयोगी नायट्रोजन. हा वायु गाळून, निववून एंजिनांत सोडला म्हणजे गाडी चालते. एक लिटर पेट्रोलचें काम करावयास सुमारें तीन किलो लांकूड लागे, आणि एंजिनाचा जोर चांगलाच उतरे. चढावर उतारूंनीं खालीं उतरण्याचे प्रसंग येत. भट्टी पेटवून गाडी हलेपर्यंत वेळ जाई, दर कांहीं मैलांनीं इंधन घालावें लागे, गाळणी झाडावी लागे, आणि चालकाचे हात काळे होत ते वेगळेच.

महाराष्ट्रांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं हें दृश्य पाहिलें होतें. हिंदुस्थानांत १९४१ सालीं पेट्रोलवर नियंत्रण आलें, आणि पाठीमागें कोळशाची भट्टी वाहणाऱ्या, घाटाच्या पायथ्याशीं धापा टाकणाऱ्या मोटारी मुंबई इलाख्याच्या रस्त्यांवरहि धावूं लागल्या. येथें इंधन होतें तें जंगलांतील लोणारी कोळसा. स्वीडनमध्यें सुमारें शेंकडा ४० गाड्या लांकडावरच चालत आणि बाकीच्या कोळशावर.

या वायूचा एक दोष प्राणघातक होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, रंग नाहीं. बंद गाडीखान्यांत भट्टी धुमसत ठेवून झोंपलेले चालक सकाळीं उठलेच नाहींत असें घडे. ज्यांना एकदम कांहीं झालें नाहीं अशांपैकींहि कित्येकांना डोकेदुखी, थकवा व विस्मृति यांनीं दीर्घकाळ पछाडलें. स्वीडिश डॉक्टरांना या विषबाधेचा स्वतंत्र अभ्यास करावा लागला, आणि त्या विषयावर तेथें पुष्कळ लिहिलें गेलें. स्वदेशी इंधनाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं हें प्रकरण सहसा चटकन उलटलेलें दिसतें. तें तसें उलटणें न्यायाचें नाहीं.

गाड्यांप्रमाणें घरेंहि लांकडावर आलीं. सरकारनें इंधन मंडळ नेमलें, लांकूडतोडीचीं उद्दिष्टें ठरविलीं, आणि राजधानी स्टॉकहोमच्या रुंद रस्त्यांवर व मैदानांत सरपणाच्या घराएवढ्या राशी रचल्या गेल्या. पांच वर्षें एका प्रगत देशानें आपल्या अरण्याच्या बळावर हिवाळे काढले. आणि युद्ध संपलें तेव्हां लोकांनीं काय केलें? भट्ट्या उतरवून भंगारांत घातल्या. पेट्रोल पुन्हां स्वस्त झालें. मग तो काळा, धोक्याचा उपद्व्याप कोण सांभाळतो? १९५६ सालीं सुवेझ कालव्याचा पेंच उद्‍भवला, तेव्हां सरकारला थोडी जाग आली. १९५७ सालापासून लांकडी वायूच्या संशोधनाला पैसा देण्यांत आला, सुधारलेल्या नमुन्यांचे आराखडे तयार झाले, आणि पुढच्या संकटासाठीं ते ठेवून देण्यांत आले. देशानें विद्या विसरूं दिली नाहीं, पण ती वापरलीहि नाहीं. १९७० सालीं स्वीडनच्या एकूण शक्तीपैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक भाग आयात तेलापासून मिळत होता. ज्या देशाची दोन तृतीयांश भूमि अरण्यानें व्यापलेली आहे त्या देशाची ही स्थिति!

तरीहि या तेलाच्या काळांतच तिसऱ्या वळणाची पूर्वतयारी नकळत होत होती. १९४८ सालीं कार्लस्टाड शहरानें एक मध्यवर्ती भट्टी उभारून तेथून जमिनीखालच्या नळांनीं घराघरांत गरम पाणी नेण्यास आरंभ केला. वर्षाचे सहा-सात महिने थंडी असलेल्या देशांत घर ऊबदार ठेवणें हा अन्नाइतकाच निकडीचा खर्च असतो, हें येथील वाचकानें ध्यानांत घ्यावें. एकेका घराच्या तळघरांतील स्वतंत्र शेगडीऐवजीं सबंध शहराला एक शेगडी, अशी ही योजना होती, आणि एकामागून एक नगरपालिकांनीं ती उचलली. शेगडींत जळत होतें तें तेलच. १९८० सालींसुद्धां या सार्वजनिक उष्णतेपैकीं शेंकडा ९० तेलाची होती. परंतु हजार शेगड्यांचें इंधन बदलावयाचें तर हजार घरमालकांची मनें वळवावीं लागतात. एका शेगडीचें बदलावयास एका नगरपालिकेचा ठराव पुरतो. नळ घातले तेव्हां हा विचार कोणीं केला नसेल. पण पुढील सारें त्या नळांतून घडलें.

१९७३ च्या ऑक्टोबरांत अरब देशांनीं तेल रोखलें व त्याचा भाव काहीं महिन्यांत चौपट झाला. १९७९ सालीं इराणांतील क्रांतीनंतर तो पुन्हां भडकला. १९८० च्या मार्चांत अणुशक्तीवर सार्वमत होऊन तिचा पुढील विस्तार आवरावा असा कौल पडला. स्वीडनच्या पुढें प्रश्न उभा राहिला, आणि कित्येक शहरांनीं त्याचें सोपें उत्तर दिलें तें आयात दगडी कोळशाचें. दक्षिणेकडील स्मोलांड प्रांतांतील वेक्शो या मध्यम आकाराच्या गांवानें निराळें उत्तर दिलें. तेथील सान्दवीक विद्युत्‌गृहांत १९८० सालीं लांकडाच्या ढलप्या जाळण्यास सुरुवात झाली. शहराच्या मध्यवर्ती उष्णतेसाठीं जंगलांतील टाकाऊ लांकूड वापरणारें हें स्वीडनमधील पहिलें शहर. भोंवतीं जंगल, जंगलाचे मालक बहुतेक शेतकरी कुटुंबें, आणि त्यांच्या सहकारी संस्थेचें मुख्य ठाणें त्याच गांवांत. यामुळें इंधन विकणारा आणि ऊब विकत घेणारा यांची गांठ पडण्यास अडचण आली नाहीं.

जें जाळावयाचें तेंहि आतां नवें होतें. गिरणीचा भुसा व साल यांना धनी भेटूं लागले होते. म्हणून दृष्टि वळली ती जंगलांतच पडून राहणाऱ्या भागाकडे. झाड तोडलें म्हणजे खोड नेतात. फांद्या व शेंडे तेथेंच कुजत पडतात. या दोहोंच्या आद्याक्षरांवरून स्वीडिश भाषेंत ‘ग्रोट’ असा एक आटोपशीर शब्दच तयार झाला. हा ग्रोट तोडणीच्या जागीं ढीग करून ठेवतात, त्यावर जाड जलरोधक कागद पसरतात, आणि उन्हाळाभर तो वाळूं देतात. तेवढ्यांत सुयांसारखीं पानें बरीचशीं गळून जमिनीला मिळतात. मग यंत्र तेथें आणून त्याच्या ढलप्या पाडावयाच्या व त्या शहरांत न्यावयाच्या.

ओल्या ढलप्या मात्र हट्टी असतात. ताज्या लांकडाच्या वजनांत निम्में पाणीच. साध्या जाळीवर तें धुमसतें, धूर करतें आणि धड पेटत नाहीं. यावर जो उपाय १९७० नंतरच्या दशकांत स्वीडन व फिनलंड येथील बॉयलर बनविणाऱ्यांनीं रूढ केला, त्याची कल्पना आपल्याकडील भडभुंज्याच्या दुकानावरून चांगली येते. भडभुंजा तापलेल्या वाळूंत चणे टाकतो आणि वाळू चहूंकडून त्यांना उष्णता देते. या भट्टींतहि तळाशीं वाळूचा थर असतो. खालून जोराची हवा सोडली कीं ती वाळू उकळत्या पाण्यासारखी खदखदूं लागते. तींत पडलेला ओला तुकडा, सालीचा किंवा फांदीचा, क्षणांत वाळून पेट घेतो. लांकडांतील पाणी वाफ होऊन धुराड्यांत जातें, पण तेंहि वायां घालवीत नाहींत. शहरांतून परत आलेल्या, निवलेल्या पाण्याच्या नळांवर तो धूर खेळविला म्हणजे वाफेचें पुन्हां पाणी होतें आणि तिनें पळविलेली उष्णता नळांत उतरते. ओलेपणा हा जो मूळचा दोष, त्याचा असा बराचसा परिहार झाला. नुसती वीज करणाऱ्या यंत्रांत लांकडांतील शक्तीचा एक तृतीयांशाच्या आसपास भाग हातीं लागतो. वीज काढून उरलेली उष्णता नळांत घातली तर शेंकडा ९० पर्यंत लागतो. वेक्शोच्या नगरसभेनें १९९६ सालीं खनिज इंधनाचा त्याग करण्याचा ठराव एकमतानें केला; त्याच्या पुढच्याच वर्षीं तेथें वीज व ऊब एकत्र देणारा नवा संच सुरू झाला.

तरीसुद्धां १९८५-८६ च्या सुमारास तेल पुन्हां स्वस्त झालें होतें, आणि १९४५ ची पुनरावृत्ति होण्यास कांहीं अडथळा नव्हता. ती झाली नाहीं याचें श्रेय अभियंत्यांपेक्षां जमाखर्चाच्या वह्यांना आहे. १९९१ सालीं स्वीडननें करांची मोठी पुनर्रचना केली. तींत उत्पन्नावरील कर उतरविले आणि खनिज इंधनांतून निघणाऱ्या कार्बन डायॉक्साइडवर टनाला २५० क्रोनर कर बसविला. लांकडाला तो लागू नव्हता. एका रात्रींत जणूं ढलप्यांचा भाव कोळशाच्या खालीं आला. हा कर पुढें वाढतच गेला. २०२० सालीं तो सुमारें १,२०० क्रोनर होता. २००३ सालापासून नव्या मार्गांनीं केलेल्या विजेलाहि प्रमाणपत्रांच्या द्वारां आधार मिळाला. ज्यांनीं १९८० नंतर कोळशाची कास धरली होती तीं शहरें एकामागून एक लांकडाकडे वळलीं. स्टॉकहोमच्या वेर्टा बंदरावर २०१६ सालीं ढलप्यांवर चालणारा प्रचंड संच सुरू झाला. त्याच जागेवरील कोळशाची अखेरची भट्टी एप्रिल २०२० मध्यें विझविण्यांत आली. युद्धानें जें पांच वर्षें करविलें तें करानें तीस वर्षें करविलें, आणि त्यासाठीं कोणाला नाकेबंदी करावी लागली नाहीं.

येथवरची कथा यशाची आहे, आणि ती पुष्कळदां येथेंच संपविली जाते. परंतु टाकाऊ वस्तूला भाव आला कीं ती टाकाऊ राहत नाहीं, हा खरा पेंच येथूनच सुरू होतो. कागदाच्या कारखान्यांनीं तो फार पूर्वीं ओळखला होता. आपला कच्चा माल लोक भट्टींत घालतील या भीतीनें त्यांनीं सरकारकडे धांव घेतली, आणि लांकडी तंतूंच्या वापरावर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र कायदा १९८७ सालीं झाला. पुढें कांहीं वर्षांनीं तो रद्द करण्यांत आला. भुशापासून दाबून फळ्या बनविणाऱ्यांची तक्रारहि तीच. त्यांच्या दृष्टीनें भुसा हा टाकाऊ नव्हताच. तो त्यांचा कापूस होता.

जंगलाचीहि तक्रार आहे. ती मांडणारे शास्त्रज्ञ आहेत. पडून कुजणारें लांकूड हें असंख्य कीटकांचें, बुरशींचें व शेवाळांचें घर असतें. बुंधे उपटून तेहि जाळण्याचा प्रयोग मध्यंतरीं करून पाहण्यांत आला. पण त्यांत जमीन उकरली जाते, खर्च फार येतो, आणि तो प्रयोग फारसा टिकला नाहीं. मूळ आक्षेप काळाविषयीं आहे. ढलपी आज जळते व तिचा कार्बन आज हवेंत जातो. ती फांदी पडून राहिली असती तरी कुजून तो कांहीं वर्षांत गेलाच असता. म्हणून फांद्यांच्या बाबतींत हा हिशेब थोड्या वर्षांत फिटतो. उभें झाड केवळ जाळण्यासाठीं तोडलें तर मात्र त्याच्या जागीं तेवढेंच झाड वाढण्यास स्वीडनच्या थंड हवेंत साठ ते शंभर वर्षें लागतात. इंग्लंडांतील यॉर्कशायरमध्यें ड्रॅक्स नांवाचें मूळचें कोळशाचें अवाढव्य विद्युत्‌गृह आहे. २०१३ सालापासून त्याचे एकेक संच लांकडाच्या गोळ्यांवर आणले गेले, आणि त्या गोळ्या मुख्यतः अमेरिकेच्या जंगलांतून जहाजांनीं येतात. तेथें नुसती वीज होते. उरलेली उष्णता हवेंत जाते. वेक्शो व ड्रॅक्स या दोन्ही ठिकाणीं लांकूडच जळतें, म्हणून त्यांना एका पंक्तीला बसविणें म्हणजे गुऱ्हाळ आणि वणवा यांना एका पंक्तीला बसविण्याजोगें आहे.

स्वीडनच्या बाजूनें सांगण्यासारखें एक आहे. तोडलेल्या जागीं पुन्हां झाडें लावलींच पाहिजेत असा कायदा तेथें १९०३ सालींच झाला, आणि १९२३ सालापासून सबंध देशांतील जंगलाची नियमित मोजणी होत आली आहे. त्या मोजणीप्रमाणें उभ्या लांकडाचा सांठा शतकभरांत जवळजवळ दुप्पट झाला. या आंकड्यावर समाधान मानणारे पुष्कळ आहेत. पण सांठा वाढला तो बव्हंशीं एकाच वयाच्या, ओळीनें लावलेल्या स्प्रूस व पाइन वृक्षांचा, हें त्यांनीं सोडून देऊं नये. ८ जानेवारी १९०० सारख्या जुन्या काळचें नव्हे, तर अगदीं अलीकडचें, ८ जानेवारी २००५ चें उदाहरण घ्यावें. त्या रात्रीं ‘गुड्रुन’ या वादळानें दक्षिण स्वीडनमध्यें सुमारें साडेसात कोटि घनमीटर लांकूड आडवें केलें. साऱ्या देशाच्या एका वर्षाच्या तोडीइतकें. स्मोलांडमधील स्प्रूसच्या लागवडींना सर्वांत मोठा फटका बसला. लाखों घरांची वीज गेली, कित्येक खेड्यांत ती आठवडेच्या आठवडे आली नाहीं, आणि पडलेलीं झाडें उचलतांना मजूर प्राणांस मुकले. बीहोल्मा येथील जुन्या विमानतळाच्या धांवपट्टीवर रचलेली ओंडक्यांची रास जवळजवळ दहा लक्ष घनमीटर भरली. ओंडके कुजूं नयेत म्हणून त्यांवर सतत पाणी शिंपडीत ठेवावें लागे. फळीच्या लायकीचें लांकूड तेथें वर्षानुवर्षें राखलें गेलें. मोडलेलें, चिरफळलेलें भट्ट्यांकडे गेलें.

शेवटीं राखेविषयीं. झाडाला जमिनींतून मिळालेलीं खनिजें, विशेषतः चुना, पोटॅश व स्फुरद, फांद्यांत व पानांत खोडापेक्षां पुष्कळ अधिक असतात, आणि नेमका तोच भाग आतां शहरांत जातो. तेव्हां जळून उरलेली राख जंगलांत परत नेऊन पसरावी, अशी शिफारस स्वीडनच्या वनखात्यानें केली आहे. ही राख तशीच टाकली तर झाडांच्या मुळांवरील शेवाळ करपतें, म्हणून ती आधीं भिजवून, घट्ट होऊं देऊन, चुरडून घेतात. पण येव्ले शहराच्या भोंवतालच्या जंगलांतील राखेला आणखी एका परीक्षेंतून जावें लागतें. १९८६ च्या एप्रिलअखेर चेर्नोबिल येथील अणुभट्टी फुटली तेव्हां तिचा ढग या भागावर येऊन पावसाबरोबर उतरला, आणि त्यांतील किरणोत्सर्गी सीझियम जमिनीवाटे झाडांत शिरलें. लांकडांत तें अल्प प्रमाणांत असतें. परंतु शेंकडों टन लांकूड जाळून थोडीशी राख उरते व तींत तें एकवटतें. म्हणून कोणती राख जंगलांत पसरावी आणि कोणती पुरावी याचे नियम सरकारला करावे लागले. सीझियमचा अर्धा अंश नाहींसा होण्यास सुमारें तीस वर्षें लागतात. १९८६ सालीं पडलेल्यापैकीं निम्में २०१६ पर्यंत संपलें. बाकीचें हळूहळू ओसरत आहे, आणि त्याचा जो भाग अजून झाडांत आहे तो दर हिवाळ्यांत ढलप्यांबरोबर भट्ट्यांत जातो व राखेंत मोजला जातो.